लेकीच्या नव्या एअर रायफलसाठी परवडणारे पेलेट: कोणते घेतले आणि का

मुलीने बालेवाडीला १० मीटर एअर रायफल सुरू केली आणि आम्ही हिय्या करून नवी पीसीपी (सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल घेतली. तेव्हा ज्याला विचारावं तो रायफलबद्दलच बोलायचा, कुठली कंपनी, स्टॉक ॲडजस्ट होतो का, सिलिंडर कुठे भरून मिळेल. पेलेटचं, म्हणजे छर्‍यांचं, कोणी नावच काढत नाही. अहो पण रायफल एकदा घेतली की झाली, पेलेट सतत लागतात! मॅच ६० शॉटची, आधीचे सायटिंगचे (नेम जुळवायचे) शॉट वेगळे, म्हणजे एका सेशनला सहज ८०-९० जातात आणि ५०० ची डबी पाच-सहा प्रॅक्टिसमध्ये संपते. म्हणून हा रिव्ह्यू खास नवीन पालकांसाठी लिहितेय.

आधी एक सांगते, कारण सोसायटीत रायफल म्हटलं की "शिकारीची का?" हा प्रश्न येतोच. हरणाबिरणाची शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि ही रायफल त्या कामाची नाहीच, ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे जेमतेम साडेसात ज्यूल. ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आत असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरी कबुतरांवर वगैरे अजिबात चालवू देऊ नका, फक्त रेंजवर.

आता पेलेट. टार्गेटसाठी चपट्या तोंडाचेच घ्यायचे, गोल किंवा टोकदार तोंडाचे कागद फाडतात, चपटा छर्रा पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडतो आणि स्कोअर वाचता येतो. दुकानात टोकदार डबी पुढे करून "हे जास्त पॉवरफुल" सांगतात, लक्ष देऊ नका, १० मीटरवर पॉवरचं काही काम नाही.

आम्ही एक अगदी स्वस्तातले चपटे (नाव लिहीत नाही), आरडब्ल्यूएसचे मायस्टरकुगेल्न, एच अँड एनचे फिनाले मॅच आणि आरडब्ल्यूएसचेच आर१० अशा एकेक डब्या घेतल्या. नंतरचे तिन्ही जर्मन, तिन्ही रायफलसाठीचे ०.५३ ग्रॅमवाले. डबीवरचं वजन नक्की बघा कारण त्याच नावाचे पिस्तुलवाले हलके छर्रे पण येतात आणि घाईत तेच हातात पडतात. तिच्या कोच सरांनी रायफल वाइसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) घट्ट बसवून प्रत्येकाचे दहा-दहा शॉट एकाच जागी मारले, म्हणजे माणसाचा हात मध्ये येत नाही, फक्त नळी आणि छर्रा यांचं जमतं का ते कळतं. ही टेस्ट केल्याशिवाय मोठी ऑर्डर देऊच नका प्लीज.

हिशोब असा आहे की टार्गेटच्या मधला दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा, पण छर्रा ४.५ मिमीचा आणि ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळतो. म्हणजे सगळ्या शॉटचं मिळून झालेलं भोक बाहेरून बाहेर साडेनऊ मिमीत मावलं तर त्या छर्‍याने सगळे दहा मारणं शक्य आहे. आर१० चं भोक सगळ्यात लहान आलं, फिनाले मॅच (४.५० हेड साइज, म्हणजे छर्‍याच्या तोंडाचा व्यास मिमीत) जवळजवळ तेवढंच, मायस्टरकुगेल्नचं थोडं मोठं पण साडेनऊच्या आत आरामात. स्वस्तातल्यांचे बरेचसे एकत्र पडले आणि मधूनच एखादा लांब बाजूला, पार आठच्या रिंगमध्ये.

हा मधूनच जाणारा एक छर्रा फार नुकसान करतो. मोठ्या खेळाडूला कळतं की आपला ट्रिगर नीट होता, छर्राच खराब. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला नाही कळत. तिला वाटतं आपलंच चुकलं, मग ती चांगला असलेला होल्ड बदलायला जाते, श्वास बदलते, खांदा बदलते. आपण वाचवतो काही रुपये आणि पोरगी नसलेली चूक सुधारत बसते. मला हे अजिबात पटत नाही, त्यामुळे स्वस्तातली डबी आम्ही बाजूलाच ठेवली.

पण म्हणून रोज आर१० ची पण गरज नाही हं. आज तिच्या हाताचा जो हलण्याचा भाग आहे तो मायस्टरकुगेल्न आणि आर१० मधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे, महागाचा फायदा कागदावर दिसतच नाही. त्यामुळे रोजच्या प्रॅक्टिसला मायस्टरकुगेल्न, स्पर्धेला आणि त्याआधीच्या आठवड्यात आर१०, दोन्हीचं झिरो (नेम मध्यावर बसवायचं साइटचं सेटिंग) वेगळं येऊ शकतं म्हणून तो आठवडा लागतोच. आमच्या नळीला हे जमलं, तुमच्या नळीला फिनाले मॅच जास्त आवडेल कदाचित, ४.४९ आणि ४.५१ हेड साइज पण मिळतात त्यात.

घेताना डबी दुकानातच उघडून बघायची. शिसं दमट हवेत पांढरं पडतं, वर पांढरी पूड दिसली तर जुना माल समजा, शहरातल्या एका दुकानाने आम्हाला तसा द्यायचा प्रयत्न केला, आम्ही परत केला. मागची कडा (स्कर्ट) फार पातळ असते, डबी एकदा पडली तरी चेपते, कुरिअरने मागवत असाल तर पॅकिंगबद्दल आधी बोलून घ्या. पावसाळ्यात आम्ही डबी सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात ठेवतो. आणि शिसं आहे, मुलांनी छर्रे तोंडात धरायचे नाहीत, प्रॅक्टिस झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही, यात सूट नाही.

शेवटचं म्हणजे डबीवरचा लॉट नंबर, म्हणजे माल कारखान्याच्या कुठल्या खेपेचा ते. तोच ब्रँड, तोच साइज असून लॉट बदलला की ग्रुप (शॉट किती जवळजवळ पडतात ते) बदलू शकतो. जो लॉट आपल्या नळीला बसला त्याच्या, जमेल तेवढ्या डब्या दोन-तीन पालकांनी मिळून एकदम घ्या, दुकानदार भावात पण थोडं कमी करतो. आर१० च्या बाबतीत आम्ही एवढंच केलं, सध्याच्या लॉटच्या डब्या राज्य स्पर्धेपर्यंत पुरतील.