पाढ्यांच्या ॲपच्या नावाखाली लोन गळ्यात मारतात, सावध राहा

पोरगी चौथीत आहे, 'सात सक' विचारलं की बोटं मोजायला लागते, म्हणून रोज दहा मिनिटं पाढे-बेरजांची प्रॅक्टिस होईल असं ॲप बघत होतो. एका जाहिरातीत फ्री टेस्ट होती, नंबर टाकला आणि लगेच 'काउन्सेलर' मॅडमचा फोन. व्हिडिओ कॉलवर टेस्ट घेतली, रिपोर्ट लाल अक्षरात, मुलगी दोन इयत्ता मागे, बेसिक वीक. तेही पोरीच्या समोरच वाचून दाखवलं, ती रडायलाच लागली, आणि मॅडमचं सुरू, आत्ता नाही केलं तर स्कॉलरशिप विसरा, ऑफर आज रात्रीपर्यंतच.

पॅकेज ३६ हजारांचं, पण दर महिन्याला भरा, नाही आवडलं तर कधीही बंद करा म्हणाल्या. 'रजिस्ट्रेशन'साठी आधार, पॅन घेतलं, मग ओटीपी. तो ओटीपी लोन ॲग्रीमेंटचा होता!! कळलं कधी तर एका फायनान्स कंपनीचा हप्ता खात्यातून कटला तेव्हा. यातली मेख अशी की क्लासवाल्यांना, म्हणजे या ॲपवाल्यांना, पैसे फायनान्स कंपनीकडून आधीच मिळालेले असतात, त्यामुळे ॲप बंद केलं तरी हप्ता तुमच्याच डोक्यावर.

आणि ॲप तरी काय, चार पर्याय, चुकलं की परत दाबा, बरोबर आलं की नाणी खणखणतात. पोरगी भराभर सगळी बटणं दाबून नाणी जमवत होती, सात आठे छप्पन्न काही तोंडात बसलं नाही.

मग भावाच्या नंबरवरून नवीन अकाउंट काढून ती फ्री टेस्ट मी स्वतः दिली. सगळी उत्तरं बरोबर. रिपोर्ट तोच, दोन इयत्ता मागे, बेसिक वीक. त्या बाईंना काही विचारायला फोन केला तर उचलतच नाहीत.

कोणी अडकलं असेल तर नुसता बँकेतला ऑटो-डेबिट बंद करून बसू नका, लोन तसंच राहतं आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब होतं. क्लासवाले आणि फायनान्स कंपनी दोघांना ईमेलवर कॅन्सल लिहून पाठवा, फोनवर बोललेलं काही धरत नाहीत. आरबीआयच्या नियमाने डिजिटल लोनला कूलिंग-ऑफ मुदत असते, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं, ॲग्रीमेंटमध्ये बघा. फायनान्स कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फुकट आहे. क्लासवाल्यांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. केंद्राच्या शिक्षण खात्याने डिसेंबर २०२१ मध्येच या एडटेकवाल्यांच्या (ऑनलाइन शिकवणी कंपन्यांच्या) ऑटो-डेबिट आणि लोनबद्दल पालकांना सावध केलं होतं, पण ते आपल्यापर्यंत पोचतं कुठे.

माझं लोन भांडून बंद झालं, एनओसी (काही बाकी नाही असं पत्र) आली. कटलेला हप्ता अजून 'प्रोसेसमध्ये' आहे म्हणे.