मसाई माराचं लग्न: पैसे पूर्ण, बुकिंग अर्धं

लातूरच्या एका आडत व्यापाऱ्याच्या घरातलं हे प्रकरण. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी संभाजीनगरची. जवळचे बारा जण घेऊन केनियात मसाई मारा अभयारण्याच्या माळावर लग्न लावायचं आणि मग नवरा-नवरीने डियानी बीचवर चार दिवस राहून स्कूबा डायव्हिंग करायचं, असा बेत. बोलणी २४ लाखांवर ठरली, ओळखीतल्याच एका टूरवाल्याला दोन लाख इसार दिला. तो माणूस पळून गेला नाही, त्याच्या ऑफिसला कुलूप लागलं नाही. लग्न लागलं, फोटोही छान आले. पण परत आल्यावर हिशेब मांडला तेव्हा ठरलेल्या रकमेवर नऊ लाखांच्या आसपास जादा गेले होते आणि डायव्हिंग झालंच नव्हतं.

पळून जाणाऱ्यापेक्षा हा अर्धं काम करणारा जास्त महागात पडतो. पळाला तर गुन्हा तरी दाखल होतो. अर्धं काम केलं की पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकावं लागतं. म्हणून सगळी सावधगिरी पैसे हातातून सुटायच्या आधीच घ्यायची. गंमत अशी की आडतीवर सोयाबीनची पट्टी हातात आली की हमाली, तोलाई, कट्टी असं सगळं बोट ठेवून तपासणारी ही माणसं. टूरच्या व्हाउचरवर मात्र सिंहाचा फोटो बघून खूश झाली.

पहिली चूक तारखेची. विकणाऱ्याने ऑगस्ट गळ्यात मारला, कारण विल्डबीस्टचे (रानगाईसारख्या गवत खाणाऱ्या प्राण्यांचे) स्थलांतर करणारे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात आणि ‘मायग्रेशन वेडिंग’ या नावाला भाव जास्त मिळतो. ऑगस्ट म्हणजे चातुर्मास. गुरुजींनी काढीव मुहूर्त दिला, घरच्यांनी तो कसाबसा पचवला. पण खरी मेख समुद्रात आहे. केनियाच्या किनाऱ्यावर साधारण एप्रिल ते सप्टेंबर ‘कुसी’ हे आग्नेयेचं वारं वाहतं. समुद्र खवळलेला असतो, पाणी गढूळ होतं, बोटी वारंवार रद्द होतात. डियानीला डायव्हिंगचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे तुळशीचं लग्न उरकल्यावर आपले मुहूर्त सुरू होतात तेव्हाच तिकडचं पाणी निवळतं. जानेवारी-फेब्रुवारीत मारात मोठे कळप नसतात, पण सिंह, चित्ते, हत्ती बाराही महिने दिसतात आणि प्रवेश फीही निम्मी असते. ‘मायग्रेशन आणि उत्तम डायव्हिंग एकाच पॅकेजात’ असं कुणी विकत असेल तर दोन्हीपैकी एक गोष्ट त्याला माहीत नाही, किंवा माहीत असून तो बोलत नाही.

प्रवेश फीचं प्रकरण तर थेट खिशाला लागलं. परदेशी प्रौढाला मसाई मारात जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. हे दर २०२४ पासूनचे. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६, एवढ्याच वेळेपुरतं. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘पार्क फी वगळून’ लिहिलेलं होतं, तोंडी मात्र ‘काका, सगळं त्यात आलं, तुम्ही टेन्शन घेऊ नका’. बारा माणसं, तीन दिवस, २०० डॉलर: ७,२०० डॉलर, म्हणजे सहा लाखांच्या वर. हे पैसे गेटवर उभं राहून भरावे लागले. वर कॅम्पही अभयारण्याच्या हद्दीबाहेर, तालेक गेटच्या अलीकडे. बाहेरचा कॅम्प वाईट असतो असं नाही, स्वस्तही पडतो. पण मग प्रत्येक फेरीला गेटमधून आत जायचं, आणि ‘आतला कॅम्प’ म्हणून पैसे मोजलेले. कोटेशन हातात आलं की तीन गोष्टी लेखी मागा: कॅम्प हद्दीच्या आत की बाहेर, पार्क फी कोण भरणार, आणि दर ‘फुल बोर्ड’चा की ‘गेम पॅकेज’चा. फुल बोर्ड म्हणजे फक्त राहणं आणि जेवण. जीपच्या फेऱ्या गेम पॅकेजमध्ये येतात.

आता विमानाची तिकिटं, कारण सगळ्यात चलाख हात तिथे मारला गेला. दहा किंवा जास्त माणसं असली की विमान कंपन्या बहुधा ग्रुप बुकिंग देतात. एजंट थोडी अनामत भरून जागा अडवतो, पूर्ण पैसे भरायची एक मुदत असते आणि मुदत चुकली की जागा सुटतात. या मधल्या काळात सहा अक्षरांचा पीएनआर मिळतो, कंपनीच्या साइटवर टाकला की नावं दिसतात, ‘कन्फर्म्ड’ असंही दिसतं. घरच्यांनी त्याचा स्क्रीनशॉट बघून नऊ लाखांचा दुसरा हप्ता दिला. पण पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. तिकिटाला १३ आकडी ई-तिकीट क्रमांक असतो, पहिले तीन आकडे त्या विमान कंपनीचे. केनिया एअरवेजचे ७०६. प्रत्येक प्रवाशाचा क्रमांक वेगळा. तो क्रमांक नाही तर तिकीट नाही. टूरवाल्याने ते पैसे आधीच्या एका ग्रुपची भरपाई करायला वापरले, मुदत गेली, आणि निघायच्या चार दिवस आधी बारापैकी पाच जणांना तिकिटं नव्हती. ती ऐन वेळच्या भावात घ्यावी लागली, पैसे घरच्यांचेच. याची टोपी त्याला आणि त्याची टोपी याला, हा धंद्यातला जुना रोग आहे. गिऱ्हाइकाला तो बाहेरून दिसत नाही, तिकीट क्रमांक मागितला की लगेच दिसतो. क्रमांक मिळाल्यावर विमान कंपनीच्या कस्टमर केअरला स्वतः फोन करा आणि एवढंच विचारा: ‘तिकीट इश्यू झालंय का?’

कॅम्पचंही तसंच. व्हाउचर म्हणजे टूरवाल्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर बनवलेला कागद असतो, त्यावरचा शिक्कासुद्धा त्याचाच. कॅम्पवाले आधी खोल्या ‘प्रोव्हिजनल’ म्हणून थोडे दिवस धरून ठेवतात आणि अनामत आली नाही तर सोडून देतात. खात्री करायची असेल तर व्हाउचरवरचा नंबर वापरू नका. कॅम्पच्या स्वतःच्या साइटवरून आरक्षण विभागाचा ईमेल घ्या आणि पाहुण्याचं नाव, तारखा, तंबूंची संख्या देऊन विचारा: बुकिंग कन्फर्म आहे की प्रोव्हिजनल, अनामत मिळाली का. एजंटला काय दर दिला ते कॅम्प सांगणार नाही, तो धंद्याचा संकेत आहे. पण कन्फर्म की नाही हे बहुधा सांगतात. या घरात सहा तंबूंचे पैसे घेतले होते, कन्फर्म निघाले चार. आजी-आजोबांच्या तंबूतसुद्धा दोन जादा खाटा टाकाव्या लागल्या.

लग्नाच्या कागदाचा मुद्दा थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नका. कॅम्पच्या हिरवळीवर मसाई वडीलधाऱ्यांनी दिलेला आशीर्वाद आणि मॅनेजरच्या सहीचं जाड कागदावरचं ‘मॅरेज सर्टिफिकेट’ ही फक्त आठवण आहे. केनियात कायदेशीर नागरी विवाह लावायचा तर २०१४ च्या विवाह कायद्यानुसार निबंधकाकडे निदान २१ दिवस आधी नोटीस लागते, किंवा विशेष परवाना. अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र वगैरे कागद वेगळेच. ‘चार दिवसांत कायदेशीर लग्न’ या नावाखाली इथे ४० हजार उकळले गेले. सरळ मार्ग असा, की लग्नाची नोंदणी इथेच करा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करायची तर ३० दिवसांची नोटीस धरून चाला. माळावर अंतरपाट धरा, अक्षता टाका, हौस भागवा. पुढे व्हिसासाठी जोडीदाराचा पुरावा लागला तर तो इथलाच कागद चालेल.

होमाचं आधी विचारा. वाळलेल्या गवताच्या माळावर उघडा विस्तव कुणी सहजासहजी पेटवू देत नाही. कॅम्पकडून लेखी घ्या, जमत नसेल तर लाजाहोम घरी उरका. अभयारण्यात वाटेल तिथे गाडीतून उतरताही येत नाही, त्यामुळे ‘सिंहांच्या साक्षीने सप्तपदी’ हे फक्त जाहिरातीत. ड्रोनला सरकारी परवानगी लागते. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत हातातल्या पिशवीसकट माणशी १५ किलो सामान, तेही मऊ बॅगेत. शालू, फेटे, दागिने, पूजेचं साहित्य, कॅमेरामनचे स्टँड... १५ किलो कुठल्या कुठे जातात. कडक सूटकेस विल्सनलाच ठेवाव्या लागल्या, जादा वजनाचे पैसे भरावे लागले. हळद-कुंकू, सुपाऱ्या, खारका घरी कॅरीबॅगमध्ये बांधून नेऊ नका. केनियात प्लास्टिक कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे. कापडी पुडक्या करा, आजीला सांगितलं तर एका दुपारी शिवून देईल.

‘व्हिसा’ म्हणून माणशी ९,००० रुपये घेतले. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ई-टीए ही ऑनलाइन परवानगी सुरू केली, मूळ शुल्क ३० डॉलर. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गो डॉट केई’ असतं. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट सर्चमध्ये वर येतात. हा फॉर्म घरातला कॉलेजचा मुलगा भरू शकतो.

पिवळ्या तापाच्या लशीत मात्र पैशांपेक्षा जास्त धोका आहे. केनियाहून भारतात परतणाऱ्याकडे या लशीचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते, आणि ती फक्त सरकारने ठरवलेल्या केंद्रांवर मिळते. मुंबईचं पोर्ट हेल्थ कार्यालय त्यातलं एक. पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आहे. टूरवाला म्हणाला, ‘मुंबईला कशाला जाता, कार्ड मी करून आणतो, टोचायची गरज नाही.’ माणशी २,५०० रुपये. खोटं कार्ड पकडलं गेलं तर अडकतो तो प्रवासी, कार्ड विकणारा नाही. शिवाय वय साठीच्या पुढे असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेलेले असतील तर ही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते. कार्ड विकणारा हे कुणालाच विचारत नाही.

आणि डायव्हिंग. ‘एका दिवसात पॅडी सर्टिफिकेट’ असं पॅकेजात होतं. पॅडी म्हणजे डायव्हिंगचं प्रशिक्षण देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. एका दिवसात होतो तो डिस्कव्हर स्कूबाचा अनुभव: प्रशिक्षकासोबत, जास्तीत जास्त १२ मीटर. १८ मीटरपर्यंतच्या ओपन वॉटर सर्टिफिकेटला साधारण तीन-चार दिवस लागतात. पाण्यात उतरण्याआधी वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. दमा, फिट्स, कानाचं ऑपरेशन अशा प्रश्नांना ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही लागते. ती इथूनच घेऊन जा. मलेरियाच्या गोळ्या लिहून घेताना डायव्हिंग करणार हे डॉक्टरांना सांगा. त्यातल्या मेफ्लोक्विन या गोळीने चक्कर, घबराट होऊ शकते, पाण्याखाली ती जिवावर बेतेल. विम्यात स्कूबा वेगळं जोडावं लागतं, तिथे खोलीची मर्यादा वाचा.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दिवशी सकाळी १० ला डाइव्ह आणि दुपारी ४ ला डियानीजवळच्या उकुंडा विमानतळावरून नैरोबीचं विमान होतं. ही एकच ओळ वाचून कळतं की पत्रिका लिहिणाऱ्याने कधी डाइव्ह बुक केलेली नाही. पाण्याच्या दाबाखाली रक्तात आणि स्नायूंत नायट्रोजन विरघळतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. लगेच उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होतात: सांधे धरतात, हातपाय लुळे पडू शकतात. एका डाइव्हनंतर निदान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास विमान नाही. बहुतेक जण सरळ २४ तास धरतात. नैरोबी शहरच सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे गाडीने गेलात तरी घाई नकोच. आधी जंगल, मग समुद्र, आणि समुद्रावरचा शेवटचा दिवस कोरडा, हाच क्रम. डियानीच्या केंद्राने पहिला प्रश्न विचारला, ‘परतीचं विमान कधी?’ आणि उतरवायला नकार दिला. नकार देणारं केंद्र चांगलं समजा. तिथेच हेही कळलं की डाइव्हचे पैसे पोचलेच नव्हते. बुकिंग होतं ते किसिटे सागरी उद्यानाच्या शिडाच्या बोटीवर स्नॉर्केलिंगचं (नळीने श्वास घेत पृष्ठभागावर पोहण्याचं), आणि तेही वाऱ्यामुळे रद्द.

पैसे द्यायची रीत बदला. इसार १० टक्क्यांच्या वर नको. विमानाचे पैसे तिकीट क्रमांकांवर, कॅम्पचे पैसे कॅम्पच्या मेलवर. ‘सगळं पोचल्यावर देऊ’ हे चालत नाही, कॅम्प महिना-दोन महिने आधी पूर्ण पैसे मागतात. पण ई-टीए आणि डायव्हिंग स्वतःच्या कार्डाने थेट भरता येतं, मधे कुणी लागत नाही. रोख देऊ नका, मालकाच्या खासगी यूपीआयवर तर नाहीच. परदेशी पॅकेजवर टूरवाला टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारला भरायचा आयकर, घेतो. तो तुमच्या पॅनवर, आयकर खात्याच्या साइटवरच्या करपत्रकात दिसला पाहिजे. इथे ‘टीसीएस’ म्हणून रोख घेतले आणि पत्रकात एक रुपया दिसत नव्हता. जीएसटीचं बिलही नव्हतं.

फसगत झालीच तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं तिथे चालतात, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येतात, मुदत दोन वर्षं. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत: व्हॉट्सॲपची पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्या, आणि ज्या फोनवर ते मेसेज आले तो फोन निकाल लागेपर्यंत एक्सचेंजमध्ये देऊ नका.