गाऊन, कुर्ती की साडी? बाळंतिणीच्या कपड्यांची खरेदी

धाकट्या जावेला आठवा सरत आलाय. परवा रात्री तिने मला चार फोटो पाठवले: गुलाबी सॅटिनचा नाइट सेट, छातीला दोन चेन असलेला कॉटनचा गाऊन, रेयॉनची फीडिंग कुर्ती आणि हिरवी इरकल. खाली लिहिलं होतं, "ताई, यातलं काय घेऊ? हे म्हणतात सगळंच घे." भावजींचं काय जातंय म्हणायला, धुवायचं त्यांना थोडंच आहे! उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं लांबलं, की म्हटलं ज्यांच्या घरी अशीच खरेदी चालू आहे त्यांनीही वाचावं.

माझी दोन बाळंतपणं झाली, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. पहिलं २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला माहेरी. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तोच हा उन्हाळा. बाहेर ४२-४३ अंश, नळाला थेंब नाही, आणि घरात दिवसातून तीनदा दुधाने भिजणारी मी. वर "वारं लागंल" म्हणून आजी पंखा दोनच्या पुढे जाऊ देत नव्हती. दुसरं २०२२ च्या डिसेंबरात, सासरी संभाजीनगरला, सिझर होऊन. तेव्हा टाके होते आणि थंडी होती. पहिल्या वेळी ज्या कपड्यांवर माझं निभावलं, त्यातले निम्मे दुसऱ्या वेळी अंगाला लावता आले नाहीत. त्यामुळे 'अमुकच घे' असं सरसकट सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

तर फोटोत कपडा कसा दिसतो ते आधी बाजूला ठेव. नवं लेकरू २४ तासांत आठ ते बारा वेळा पितं. त्यातल्या दोन-तीन वेळा तू अर्धवट झोपेत, अंधारात, एका हातात लेकरू धरून दुसऱ्या हाताने कपडा उघडणार आहेस. दुकानात उजव्या काखेत पर्स धर आणि डाव्या हाताने ती चेन दहा वेळा खालीवर करून बघ. एकदा जरी अडकली तरी कपडा परत ठेव. दुकानदार बघत राहील, बघू दे.

सॅटिनचा सेट आणि कॉटनचा गाऊन

सॅटिन दिसतं छान. दवाखान्यातल्या पहिल्या फोटोत बाळंतिणीचा चेहरा उतरलेला असतो, तिथे गुलाबी रंग कामाला येतो, हे मी नाकारत नाही. पण बाजारात मिळणारं हे सॅटिन बहुतेक पॉलिएस्टरचं असतं. बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे रात्री दरदरून घाम फुटतो, कारण नऊ महिन्यांत अंगात साठलेलं पाणी शरीर बाहेर टाकत असतं. तो घाम पॉलिएस्टर शोषत नाही, पाठीला चिकटून राहतो. शिवाय अशा सेटच्या पायजम्याचं इलॅस्टिक खाली, ओटीपोटावर बसतं. सिझरचा छेद हल्ली बहुधा आडवा आणि तिथेच असतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे बोललीच पाहिजे. शेकशेगडी. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात सासूबाईंनी बाजेखाली शेगडी ठेवली, ओवा-शेपा टाकून. माझ्या अंगात असाच एक चकचकीत गाऊन होता. एक ठिणगी उडाली आणि घोट्याजवळ रुपयाएवढं भोक पडलं, कडेला कापड वितळून काळं घट्ट झालेलं. त्याच जागी पाय असता तर ते वितळलेलं कापड कातडीला चिकटलं असतं. सुती कापडही पेटतं, पण असं वितळून चिकटत नाही. बंद खोलीत निखारे ठेवूच नयेत, धुराने आणि विषारी वायूने आईला आणि लेकराला दोघांनाही धोका असतो, हे मी तेव्हा डॉक्टरांकडून सासूबाईंना सांगवलं. त्या ऐकल्या. पुढे तव्यावर गरम केलेल्या कापडाने शेक चालला.

कॉटनच्या गाऊनला मात्र तोड नाही. फक्त चेन कुठे आहे ते बघ. मधोमध एकच लांब चेन असली तर पाजताना सगळी छाती उघडी पडते, आणि तेवढ्यात चुलतसासरे दारात 'बाळाला बघायला' उभे राहतात. दोन बाजूंना दोन उभ्या चेन असतील तर एकावेळी एकच बाजू उघडते. चेनच्या आतून कापडाची पट्टी हवीच, नाहीतर दाते लेकराच्या गालावर उमटतात.

माझ्या आईने २०१६ साली एकही तयार फीडिंग गाऊन घेतला नाही. गंजगोलाईतून साधे सुती गाऊन आणले आणि गल्लीतल्या शिंप्याकडून दोन्ही बाजूंना चेन बसवून घेतल्या. 'फीडिंग' हा शब्द लागला की किंमत का वाढते, हे तिला अजून कळलेलं नाही. मलाही नाही.

किती घ्यावेत? उन्हाळ्यात चार पुरतात. आमच्याकडची हवा इतकी कोरडी, की पातळ सुती गाऊन दोरीवर टाकला की तासाभरात खडखडीत. पावसाळ्यात किंवा थंडीत सहा लागतील. पाण्याचे वांधे असतील तर आणखी दोन घे, कारण तिथे अडचण वाळण्याची नसते, धुण्याची असते. दुधाचा डाग आधी गार पाण्यात भिजव. गरम पाणी घातलंस तर तो पक्का बसतो आणि आंबूस वास जात नाही.

फीडिंग कुर्ती

दिसायला या चौघांत हीच सरस. पाचवीला, बारशानंतर, डॉक्टरांकडे जाताना, कुठेही चालते. पण कापड रेयॉन आहे, तिथे जरा थांब. रेयॉन अंगावर सुळसुळीत पडतं, उन्हाळ्यात गार लागतं, मात्र ओलं झालं की जड होतं, कमकुवत होतं आणि सुकायला वेळ घेतं. छाती वारंवार भिजत असताना हे तिन्ही दुर्गुण एकदम दिसतात. त्याच पैशांत मलमलची किंवा साध्या कॉटनची, पुढून खालपर्यंत काज-बटणांची कुर्ती मिळाली तर ती घे. बटणं चेनपेक्षा हळू उघडतात हे खरं, पण बिघडत नाहीत आणि तुटलं तर आपल्याला लावता येतं.

काही कुर्त्यांना छातीवर दुहेरी कापड असतं, वरचा पदर उचलायचा आणि पाजायचं. पाहुण्यांत बरं पडतं, पण मे महिन्यात ते कापड लेकराच्या तोंडावर पडतं आणि लेकरू घामाघूम होऊन रडतं. थंडीतल्या बाळंतपणाला चालेल.

रंगाचं म्हणशील तर साधा करडा आणि फिका निळा टाळ. दुधाचा ओला गोल त्यावर सगळ्यात ठळक दिसतो. दाट छाप, लहान फुलं, गडद मरून, हे सगळं झाकून नेतात. आणि नवी इंडिगो किंवा कलमकारी कुर्ती दोन-तीनदा धुतल्याशिवाय घालू नकोस. मी घातली. सकाळी आजीने लेकीला घ्यायला हात पुढे केला आणि जोरात ओरडली, "अगं माय, लेकरू निळं पडलं!" घर गोळा झालं. वडील चपला घालून रिक्षा बघायला निघाले. शेवटी आईने ओलं बोट लेकीच्या गालावरून फिरवलं, तर बोट निळं आणि गाल गोरा. ती कुर्ती अजून आहे, घरात तिला 'निळी' म्हणतात.

साडी, म्हणजे खरं तर ब्लाउज

साडीला बाळंतिणीसाठी गैरसोयीची म्हणणं मला पटत नाही. पदर हे फुकटातलं झाकण आहे, वेगळा फीडिंग कव्हर घ्यायची गरजच नाही. आपल्या आज्या-पणज्या पुढे गाठ मारायची चोळी घालत. गाठ सोडली की झालं. गैरसोय सुरू झाली ती पाठीमागे हूक आणि दोऱ्या आल्यावर.

माझ्या लेकीच्या बारशाला मी तसाच मागे दोरीचा ब्लाउज शिवून घेतला होता, आठव्या महिन्यातल्या मापाने. बाराव्या दिवशी तो छातीवर बसेना. दूध भरल्यावर माप बदलतं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि शिंप्याने शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवली नव्हती. कसाबसा घातला. पाळणा म्हणायला बायका जमल्या, लेकीने भूक लागल्याचा सूर लावला, आणि मी आतल्या खोलीत दोन नणंदांकडून पाठीवरच्या गाठी सोडवून घेत बसले. पहिला पाळणा माझ्याशिवायच झाला.

म्हणून ब्लाउज पुढे हुकांचा, सुती अस्तराचा, आणि दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन इंच माया ठेवून आत्ता शिवून ठेव. शेवटची टीप बारशाच्या दोन दिवस आधी घालून घे.

साडी कोणती? पैठण इथून जेमतेम पन्नास किलोमीटर, त्यामुळे प्रत्येकीला बारशाला पैठणीच नेसावीशी वाटते. पण पैठणीच्या पदराचं जरीकाम लेकराच्या गालावर आणि मानेवर घासतं, आणि दूध सांडलं की रेशमाचा जीव जातो. तू पाठवलेली इरकल त्या मानाने शहाणी निवड आहे. अंग सुती घे, काठ-पदर रेशमी असू दे. काठ सहसा टोचत नाहीत, आणि हिरवा रंग तर हक्काचाच. पैठणीचा मोह सुटतच नसेल तर पाळण्याच्या तासाभरापुरती खांद्यावर पैठणी शेला घे.

सिझर झालं तर एक लक्षात ठेव: परकराची नाडी बेंबीच्या खाली नको. नेफा वर, कमरेच्या बारीक भागावर बांध, आणि नाडीच्या जागी रुंद सुती पट्टा शिवून घेतलास तर आणखी चांगलं. दोन महिने नववारीचा हट्ट नको, तिची ओढून मारलेली गाठ सोसत नाही.

जे फोटोत नव्हतं

खरे पैसे आतल्या कपड्यांवर घाल. फीडिंग ब्रा सुती, तार नसलेली, खांद्याजवळ क्लिप सोडून कप खाली येणारी. तारेची किंवा घट्ट ब्रा दूध तुंबवते, मग गाठ, ठणका, ताप. आत्ता दोनच घे आणि थोड्या सैल. दूध बसल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी माप घेऊन आणखी दोन. चड्ड्या उंच कमरेच्या, गडद रंगाच्या, किमान सहा. अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं, कमी-कमी होत. छातीत ठेवायला बाजारचे पॅड ऑफिसला आणि प्रवासाला ठीक, घरी मात्र मऊ झालेल्या जुन्या मलमलच्या साडीचे चार पदरी गोल शिवून ठेव. ओले झाले की लगेच बदलायचे, नाहीतर स्तनाग्रं चिरतात.

पोटपट्ट्याबद्दल फार बोलत नाही. सिझरनंतर खोकताना, उठताना आधार वाटतो, डॉक्टरांना विचारून दिवसा घाल. पोट आत जाण्याशी त्याचा संबंध नाही. गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत आपलं आपण जागेवर येतं, पट्टा बांधा नाहीतर न बांधा.

कानाला बांधायला लोकरीच्या टोपीपेक्षा अडीच मीटरची मलमलची ओढणी घे. आजी खूश, आणि बाहेर गेल्यावर तिचंच पाजताना झाकण होतं.

ऑफिसच्या कपड्यांचा विचार आत्ता करूच नको. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे. तोवर तुझं माप तिसऱ्यांदा बदललेलं असेल.

आणि सगळ्यात स्वस्त पर्याय सांगायचा राहिला. पुरुषांचा जुना सुती शर्ट. शंभर वेळा धुतलेला, म्हणून मऊ. पुढून पूर्ण उघडतो, पोटावर सैल, टाक्यांना कुठेच लागत नाही. खाली सुती पलाझो, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, वरून ती मलमलची ओढणी, की दारात कुणीही येऊ दे. दुसऱ्या बाळंतपणात पहिला दीड महिना मी निम्मा वेळ यांच्या शर्टांत होते, आणि त्या काळातला माझा जो एकच फोटो मला आवडतो त्यात मी पांढऱ्या-निळ्या चौकटीच्या शर्टात आहे.

हे सगळं मी जावेला पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: दोन चेनचे चार गाऊन मागवले, इरकल ठेवली, कुर्ती परत केली, आणि "ताई, सॅटिनचा सेट पण घेतलाय, फक्त फोटोपुरता, शेगडीजवळ नाही जाणार." संध्याकाळी भावजींचा फोन आला. त्यांना त्यांचे तीन शर्ट सापडत नव्हते.