दूध तोडलेल्या पिल्लांना प्रोबायोटिक पावडर: तीन विणींचा अनुभव

हातकणंगल्याजवळ माझं सहा डुकरिणींचं शेड आहे, जात व्हाइट यॉर्कशायर. दूध तोडल्यावर पिल्लांना जी हगवण लागते तिनं मला लई रडवलंय. गेल्या वर्षी पहिल्या विणीतल्या अकरापैकी सहा पिल्लांना लागली. शेपटीखाली पिवळं पाणी, मागचे पाय चिकटलेले, पाठीवरचे केस उभे. दोन पिल्लं गेली. डॉक्टरांनी मग प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगले जिवंत जिवाणू असलेली पावडर सुचवली. मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून किलोचं पाकीट आणलं, 420 रुपयांना. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू आणि यीस्ट.

डॉक्टरांनी कारण सोपं करून सांगितलं. पिल्लू आईला पितंय तोवर दुधातल्या साखरेवर हे चांगले जिवाणू वाढतात आणि पोटात आंबटपणा राहतो. दूध एकदम तुटलं की आंबटपणा कमी पडतो. आतड्याला आतून टॉवेलसारखे बारीक धागे असतात, ते आखडतात. मक्याचा भरडा नीट पचत नाही, आणि त्याच वेळी हगवण लावणारा ई. कोलाय जिवाणू माजतो. त्याच्या विषानं अंगातलं पाणी आतड्यात उतरतं. पावडरीतले जिवाणू आधीच जागा धरून बसले तर ई. कोलायला पाय रोवायला कमी जागा मिळते.

दुसऱ्या विणीला पावडर दिली आणि काही फरक पडला नाही. चूक माझी होती. मी हॉटेलातलं खरकटं आणतो. 2020 साली आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर, हा खरकट्यातूनही पसरणारा डुकरांचा जीवघेणा रोग आला, तेव्हापासून ते उकळल्याशिवाय एक घास देत नाही. त्याच वाफाळत्या काहिलीत मी पावडर टाकत होतो. जिवाणू जागच्या जागी मरत होते. बॅसिलस या दुसऱ्या जिवाणूचे बीजाणू (टणक कवचातलं रूप) असलेली पावडर उष्णता बरीच सोसते, लॅक्टोबॅसिलस आणि यीस्ट सोसत नाहीत. म्हणून घेताना आत काय आहे ते वाचूनच घ्या.

तिसऱ्या विणीला खाद्य बोट बुडवून गार झालेलं बघायचं, मगच पावडर कालवायची, असं ठरवलं. दूध तोडायच्या चार दिवस आधीपासून पुढे दोन आठवडे दिली. दहापैकी दोघांना पातळ झालं, तेही दीड दिवसात आटोपलं. एकही गेलं नाही. पाचव्या दिवशी लेंडी आकार धरायला लागली. सकाळी सहाला बॅटरी घेऊन वाकून ती बघताना मला किती बरं वाटलं, हे ज्याची पिल्लं गेलीत त्यालाच कळेल. पोत्यात घालून काट्यावर वजनं केली, तीही आधीच्या विणीपेक्षा चांगली भरली.

सगळं श्रेय पावडरीला मात्र देणार नाही. या वेळी खाली कोरडा भुसा होता, आणि जन्मानंतरच्या दहाव्या दिवसापासून पिल्लांना थोडा थोडा भरडा चाटायला ठेवला होता. त्यानंही पोट तयार होतं. साठ किलोच्या पुढच्या डुकरांनाही महिनाभर पावडर देऊन बघितली, तिथं काडीचा फरक नाही. ते पैसे वाया गेले.

आणि हे औषध नव्हे. लागण जोरात असेल, पिल्लू डोळे आत जाऊन पडून असेल, तर आधी डॉक्टर आणि मीठ-साखरेचं पाणी. अँटिबायोटिक चालू असताना लॅक्टोबॅसिलसही मरतात, म्हणून कोर्स संपल्यावर पावडर पुन्हा सुरू करायची. पूर्वी हगवण म्हटलं की दुकानदार कोलिस्टिन हे अँटिबायोटिक हातात द्यायचे. सरकारनं 2019 साली जनावरांसाठी ते बंद केलं, ते बरंच झालं.

तक्रार आहे ती दुकानाची. दुसरं पाकीट उन्हातल्या फळीवर ठेवलेलं होतं, मुदतीचे जेमतेम तीन आठवडे उरलेले. बदलून मागितलं तर नाही म्हणाले. जिवंत जिवाणू विकायचे आणि ठेवायचे असे उन्हात, हे मला पटत नाही. शिवाय पावसाळ्यात फोडलेल्या पाकिटात गुठळ्या होतात. मी आता स्टीलच्या डब्यात, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवतो.

पुढची डुकरीण गाभण आहे, 114 दिवसांचा हिशेब धरला तर दिवाळीच्या आसपास विणेल. पावडर तिच्या पिल्लांनाही देणार, पण दुसऱ्या दुकानातून, अर्ध्या किलोचं पाकीट आणि तारीख बघून.