हॉवर्ड लेइट इम्पॅक्ट स्पोर्ट: रेंजवरचे हुकूम ऐकू येतात, पण आत प्लग हवेतच

नेमबाजीच्या रेंजवर कान झाकायला वापरायच्या या इलेक्ट्रॉनिक इअरमफचा (पुढे नुसतं मफ) आवाज रोखण्याचा आकडा २२ डेसिबल आहे. घेण्याआधी तो नीट समजून घ्या. .२२ रायफलचा बार साधारण १४० डेसिबलपर्यंत जातो, ९ मिमी पिस्तुलाचा १६० च्या आसपास. १४० च्या वरचा एकच बारही कान कायमचा बिघडवू शकतो, आणि बंदिस्त रेंजमध्ये तोच आवाज भिंतींवरून परत अंगावर येतो. शिवाय २२ हा प्रयोगशाळेत, सलग आवाजावर मोजलेला आकडा. कानावरच्या कपाच्या गादीखाली चष्म्याची जाड दांडी किंवा केस आले की तो घसरतो. त्यामुळे पिस्तुलासाठी, आणि छपराखाली तर कशासाठीही, हा मफ एकटा वापरू नये.

मग घ्यायचा कशाला? ऐकण्यासाठी. बाहेरचे माइक आजूबाजूचं बोलणं वाढवून आत देतात, आवाज ८२ डेसिबलच्या वर गेला की वाढवणं बंद होतं. कानाच्या आत फोमचे प्लग, वर हा मफ आणि त्याचा आवाज चढवलेला, अशी जोडी केली की रेंज ऑफिसरचा ‘स्टॉप’ स्वच्छ कळतो. साध्या जाड मफमध्ये नेमका तोच बुडतो. मग नेमबाज ऐकायला एक कप उचलतो आणि त्याच क्षणी शेजारच्याचा बार होतो. जोडीत प्लग आणि मफ यांच्या आकड्यांची बेरीज मात्र होत नाही. ज्याचा आकडा मोठा, त्यात फार तर ५ डेसिबलची भर पडते. तेवढीही मोलाची आहे.

प्लग कसा बसतो यावर सगळं अवलंबून आहे. तो बोटांत लाटून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोट ठेवा. आरशात समोरून बराचसा बाहेर दिसत असेल तर काढून पुन्हा बसवा.

कप सडपातळ आहेत, ही रायफलवाल्यांसाठी मोठी सोय. जाड कप गाल टेकवताच दस्त्याला (रायफलचा खांद्याला लावायचा भाग) अडतो, धक्क्यासरशी दस्ता मागे आला की सरकतो आणि गादीखाली फट पडते. पुढचा बार मोठा लागतो, डोळे मिटतात, ट्रिगरला हिसका बसतो. दोष धक्क्याला दिला जातो, मूळ बऱ्याचदा आवाजात असतं. इथेही दर फेरीनंतर बोटाने गादी चाचपावीच.

मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवायचा भाग) लावलेल्या रायफलीशेजारी तर प्लग सक्तीचेच समजा. ब्रेक वायू बाजूला फेकून धक्का कमी करतो, तो दणका शेजाऱ्याच्या कानावर येतो. ब्रेक लावणाऱ्याने आधी सांगावं आणि कडेची जागा घ्यावी.

उणिवा: वाऱ्यात माइक खरखरतात. चार तासांनी मफ आपोआप बंद होतो. कान झाकलेले राहतात, पण हुकूम ऐकू येईनासे होतात. अशा वेळी आवाजाचं बटण बंद करून परत चालू करा. दोन एएए सेल लागतात, एक जोडी खिशात असू द्या. गाद्या कडक झाल्या किंवा चिरल्या की बदला. सेल बदलायचे ते फायरिंग लाइनच्या मागे, बार थांबल्यावर आणि सगळी हत्यारं रिकामी असल्याचं जाहीर झाल्यावरच.