फॉल, तिरी, भेके की मेहताब? मुंबई सिटीच्या सार्वकालिक संघात स्टॉपर कोण

इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा सार्वकालिक संघ निवडायला बसलं की पुढची फळी पटकन ठरते. डावीकडे बिपिन आणि उजवीकडे छांगते ही नावं लिहिताना कुणी हुज्जत घालत नाही. गाडी अडते ती स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, दोन जागांवर. मूर्तादा फॉल, तिरी, राहुल भेके आणि मेहताब सिंग या चौघांतून दोघंच घ्यायचे आहेत आणि प्रत्येकाच्या मागे किमान एक करंडक उभा आहे. तुम्हीही याच टप्प्यावर अडकला असाल तर पुढचं वाचा. मी तटस्थ वगैरे नाही.

आधी एक हिशेब, कारण तो विसरून केलेला सगळा वाद फुकट जातो. २०२०-२१ मध्ये आयएसएलमध्ये एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात चालत. तेव्हा प्रशिक्षक लोबेरांनी बचावाच्या मध्ये फॉल आणि हर्नान सांताना असे दोन परदेशी लावले, पुढे मिडफिल्डमध्ये जाहू आणि बूमूस. राहिलेल्या एका जागेसाठी ल फाँद्र आणि ओगबेचे हे दोन फॉरवर्ड, म्हणजे एकाला बहुतेकदा बाकावरच बसावं लागे. पुढच्या हंगामापासून ही संख्या चारवर आली. तेव्हापासून दोन्ही स्टॉपर परदेशी ठेवणं ही चैन झाली. म्हणून माझी पहिली अट अशी की एक परदेशी, एक भारतीय. चारचा नियम डोळ्यांआड करून फॉल आणि तिरी दोघांनाही घ्यायचं असेल तर घ्या, पण मग मधल्या किंवा पुढच्या फळीतला कोणता परदेशी कापणार तेही सांगा.

म्हणजे खरे सामने दोनच उरतात. फॉल विरुद्ध तिरी आणि भेके विरुद्ध मेहताब.

सेनेगलचा फॉल गोव्याहून लोबेरांच्या पाठोपाठ आला. उंची सहा फुटांच्या बरीच वर, आणि कॉर्नर मिळाला की तो सावकाश चालत पुढे यायचा तेव्हा समोरच्या संघाची बोटं आपोआप त्याच्याकडे वळायची. आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा बचावपटू तोच. २८ फेब्रुवारी २०२१ चा बांबोळीचा सामना आठवा. कोविडमुळे सगळा हंगाम गोव्यात, स्टँड रिकामे, शिल्डसाठी (साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते ती) मोहन बागानला हरवणं भाग. सातव्याच मिनिटाला फॉलचा हेडर आत. पुढे ओगबेचेने दुसरा मारला, दोन्ही संघांचे गुण ४० झाले आणि आपसातल्या लढतींच्या जोरावर शिल्ड मुंबईकडे आली. हंगामात एवढ्या दडपणाच्या सामन्यात स्टॉपरने दार उघडून द्यावं, हे किती संघांच्या नशिबी येतं?

फॉलचं दुखणं वळण्यात होतं. बचावाची फळी मध्यरेषेपर्यंत वर चढवायची आणि मागे तीस-चाळीस मीटर मोकळं सोडायचं, ही लोबेरांची आणि नंतरचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांची पद्धत. त्या मोकळ्या जागेत चपळ फॉरवर्डच्या पायांत चेंडू पडला की फॉलला पाठमोरं धावताना पाहणं जिवावर यायचं. हवेत राजा, पण मागे पळायचं म्हटलं की त्याला सोबत लागते. हे जोडी निवडताना लक्षात ठेवा.

तिरीची गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते. १३ मार्च २०२१, फातोर्डा, चषकाचा (साखळीनंतरच्या बाद फेरीचा) अंतिम सामना. मोहन बागान एका गोलने पुढे आणि तिरी त्यांच्या बचावात. मुंबईचा लांब पास अडवताना त्याचा हेडर स्वतःच्याच जाळ्यात गेला, बरोबरी झाली आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिनने चषक आणला. मुंबईच्या पहिल्या चषकात तिरीचा वाटा आहे, ही थट्टा जुने प्रेक्षक अजून करतात. पुढच्या वर्षी आशियाई क्लबांच्या एएफसी चषकात गोकुळमविरुद्ध त्याचा गुडघा गेला. असा खेळाडू २०२३ मध्ये आपल्याकडे आला तेव्हा नाकं मुरडली गेली होती.

आणि मग त्याने तो हंगाम खेळून दाखवला. टॅकल करायची वेळच येऊ नये अशा जागी उभं राहणं ही तिरीची खासियत. चेंडू पायात आला की घाई नाही, समोरचा अंगावर येईपर्यंत थांबायचं आणि मग दोन ओळींच्या मधून सरळ पुढे. तेव्हाचे प्रशिक्षक पीटर क्रॅटकींच्या संघात जाहू नव्हता, खेळ मागून बांधायची जबाबदारी स्टॉपरवर होती आणि ती तिरीने उचलली. १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानने २-१ ने हरवून शिल्ड हिसकावली. त्याच मैदानावर ४ मे रोजी आधी एक गोल खाऊनही मुंबईने ३-१ ने चषक जिंकला.

पण २०२४-२५ सुद्धा मोजायला हवं. संघ सहावा आला आणि बाद फेरीत बंगळुरूने कांतीरवावर ५-० ने धुतलं. त्याचा सगळा दोष तिरीच्या माथी मारणं अन्याय होईल, कारण मधली फळीच गळत होती. तरी वय आणि गुडघा दिसत होता. फॉल मुंबईतून गेला तो शिल्ड जिंकून, आपल्याला त्याची उतरण पाहावी लागली नाही. तुलना इथे थोडी वाकडी होते, मान्य.

माझं मत फॉलला. चेंडू खेळवायला मिडफिल्डमध्ये जाहू असेल (आणि सार्वकालिक संघात तो असणारच) तर तिरीचा सर्वात मोठा गुण अर्धा वापरला जातो. कॉर्नरवरचा फॉल मात्र दुसऱ्या कुणाकडून भरून निघत नाही. जाहूला वगळणारे धाडसी लोक असाल तर तिरी घ्या.

भारतीय जागेची चर्चा जास्त तापते, कारण भेके मुंबईचा पोरगा. अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्याने सर्वात गाजलेला गोल केला तो मात्र बंगळुरूसाठी: मार्च २०१९ चा अंतिम सामना, जादा वेळेतलं ११७ वं मिनिट, कॉर्नरवर हेडर आणि एफसी गोवा गार. त्या गोव्याच्या संघात फॉल होता. मुंबईत आल्यावर एप्रिल २०२२ मध्ये रियाधला एअर फोर्स क्लब या इराकी संघाविरुद्ध त्याचाच हेडर निर्णायक ठरला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने प्रथमच सामना जिंकला. २०२४ चा चषक कर्णधार म्हणून उचलला तोही त्यानेच. मोठ्या दिवशी भेके गडबडत नाही. वेगाच्या बाबतीत तो मध्यम आहे आणि तापलेल्या सामन्यात पंचाशी वाद घालायचं टाळत नाही. डिसेंबर २०२३ मधल्या मोहन बागानविरुद्धच्या त्या सात लाल कार्डांच्या सामन्यात एक कार्ड त्याचं होतं.

मेहताबकडे असे मथळे कमी. ईस्ट बंगालकडून २०२० मध्ये आला तेव्हा पंजाबचा हा मुलगा पर्यायी खेळाडू होता. पुढे २०२१ ची शिल्ड आणि चषक, २०२३ ची शिल्ड आणि २०२४ चा चषक अशा चारही विजेतेपदांच्या संघात असणारा या चौघांतला तो एकटाच. खांद्याला खांदा लावून धावायचं असेल, मागे पडलेल्या चेंडूकडे झेपावायचं असेल तर तोच. फॉलला जी सोबत हवी होती ती हीच.

मार्च २०२३ ची बंगळुरूतली उपांत्य लढत त्याच्या वाट्याला पूर्ण आली. पहिला सामना ०-१ ने गमावलेला. परतीच्या सामन्यात ६६ व्या मिनिटाला मेहताबच्या हेडरने एकूण बरोबरी साधली. शूटआउट ८-८ पर्यंत ताणलं गेलं आणि त्याची पेनल्टी बंगळुरूचा गोलरक्षक गुरप्रीतने अडवली. लोकांच्या लक्षात पेनल्टी राहते. पण तो हेडर नसता तर शूटआउट झालंच नसतं, एवढं त्याच्या टीकाकारांनी बोलून दाखवावं.

एक पळवाट आहे. बकिंगहॅम आणि क्रॅटकी दोघांनीही भेकेला अनेकदा उजवा बॅक म्हणून खेळवलं आणि मध्ये मेहताबला ठेवलं. तुमच्या यादीत उजवी बाजू रिकामी असेल तर हाच मार्ग घ्या, भांडण मिटलं. तिथे अमेय रानवडेला आधीच बसवलं असेल तर मात्र निवडावं लागेल. वीस-बावीस सामन्यांच्या शिल्डसाठी मी फॉलशेजारी मेहताब लावतो, कारण इतक्या सामन्यांत मागची मोकळी जागा कुणीतरी पळून भरावीच लागते. एकाच अंतिम सामन्यासाठी संघ काढायचा असेल तर भेके, आणि फळी पाच-सात मीटर खाली.

दोन्ही वेळा तिरी बाकावर. २०२४ मध्ये संघाच्या प्रेमात पडलेल्यांना हे पटणार नाही, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही: फॉलने तीन हंगामांत एक चषक आणला, तिरीने पहिल्याच हंगामात.