रूबीचा %झेड: काही महिन्यांच्या वापरानंतर

लॉग, सीएसव्ही फायली आणि एपीआय (प्रोग्रामांमधली देवाणघेवाण) अशा तिन्ही ठिकाणी काही महिने वापरून रूबी या प्रोग्रामिंग भाषेच्या स्ट्रफटाइमबद्दल, म्हणजे वेळ हव्या त्या साच्यात छापणाऱ्या मेथडबद्दल, माझं मत पक्कं झालंय. त्यातला %झेड ऑफसेट छापतो, म्हणजे स्थानिक वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या किती पुढे-मागे आहे ते. साधा %झेड आणि %:झेड (दोन्हीकडे स्मॉल झेड) बिनधास्त वापरा. रुंदी आणि पॅडिंगचे (उरलेली जागा शून्यांनी किंवा स्पेसने भरण्याचे) फ्लॅग मात्र माणसाने वाचायच्या मजकुरापुरतेच ठेवा.

भारतीय वेळेला %झेड +०५३० देतो, %:झेड +०५:३० आणि दोन कोलन दिले तर +०५:३०:००. इथवर तक्रारीला जागा नाही. गुंता होतो रुंदी दिल्यावर. %१०झेड छापतो +०००००००५३०, हा अंदाज चुकीचा ठरतो; हाती येतं +००००००५३०. रुंदीत चिन्हही धरलं जातं, भरतीची शून्यं चिन्ह आणि तास यांच्यामध्ये बसतात आणि मिनिटं दोन अंकीच राहतात. कोलन असला की हे स्पष्ट दिसतं: %१०:झेड म्हणजे +०००००५:३०. अंडरस्कोर लावला की स्पेस चिन्हाच्या आधी जातात आणि तासाचं पुढचं शून्य गळतं. टर्मिनलवर रकाना उजवीकडे जुळवायला %_६:झेड झकास आहे: +५:३० च्या आधी एक स्पेस, आणि +१०:०० बरोबर सहा अक्षरांत. वेबपेजवर मात्र एचटीएमएल लागोपाठच्या स्पेस एकत्र करतं, तिथे हे जमत नाही.

सगळ्यात जपायचं ते %-झेड. भारतीय वेळेला तो +५३० देतो. पायथन भाषेतला, मजकुरातून वेळ वाचणारा स्ट्रपटाइम हे वाचायला नकार देतो, कारण त्याला तासाचे दोन अंक हवेतच. त्याहून वाईट म्हणजे रूबी ३.१ पासून यूटीसी वेळेवर हाच फ्लॅग -०००० छापतो. इतरत्र वजा म्हणजे 'पॅडिंग नको', इथे मात्र अर्थच बदलतो. आरएफसी ३३३९ मध्ये (इंटरनेटवर तारीख-वेळ लिहिण्याचं मानक) -००:०० चा अर्थ 'यूटीसी वेळ माहीत आहे, स्थानिक ऑफसेट माहीत नाही' असा आहे. नुसती शून्यं काढायला गेलेल्याच्या डेटात हे विधान नकळत शिरतं. एकाच फ्लॅगवर दोन कामं लादणं मला अजिबात पटलेलं नाही.

म्हणून हाताने फॉरमॅट लिहावा, तर तिथेही खड्डे आहेत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा प्रमाण ऑफसेट -१२६०० सेकंद. रूबीत त्याला ३६०० ने भागलं की उत्तर खाली सरकून -४ येतं, बाकी १८०० उरते, आणि -०३:३० ऐवजी -०४:३० छापलं जातं. आधी चिन्ह वेगळं काढा, मग निरपेक्ष किंमत भागा, तास आणि मिनिटं %०२डी ने (किमान दोन अंकी, पुढे शून्य लावून) छापा. चिन्हासकट तास छापायचा तर %+०३डी लागतो, कारण चिन्ह एक जागा खातं. पण -००:४४ सारख्या ऑफसेटला तोही पुरत नाही: तास शून्य झाला की वजा हरवतो.

जुन्या तारखांसाठी रुंदी गृहीत धरूच नका. टाइमझोन डेटाबेसात कोलकात्याचा १८९० चा ऑफसेट +०५:२१:१० आहे. पायथनचा %झेड तिथे +०५२११० अशी सात अक्षरं देतो, रूबीचा %झेड सेकंद गाळून +०५२१ देतो. पाच अक्षरांचा कॉलम ठेवला असेल तर पायथनची नोंद कापली जाणार, आणि रूबीकडून सेकंद हवे असतील तर %::झेड घ्यावा लागणार.

एपीआयसाठी मी आता थेट रूबीची एक्सएमएलस्कीमा मेथड वापरतो. यूटीसीला नुसतं कॅपिटल झेड हे अक्षर, बाकीच्यांना +०५:३० सारखा ऑफसेट, पॅडिंगचा प्रश्नच नाही.